ऋषीच्या भाजीतल्या गोगलगायी

जयवंत मोंडकरने अळूचं पान उलटं केलं आणि त्याचा अंगठा कशात तरी रुतला. फार नाही, सर्दी झालेल्या पोराचं नाक पुसताना रुततो तेवढाच. गार, जाड, आणि दाबल्यावर किंचित सरकणारं काहीतरी. त्याने अंगठा डोळ्यांसमोर धरला. पाकाची तार बघताना बायका दोन बोटं लांब करतात, तशी एक चकचकीत तार अंगठ्यापासून पानापर्यंत ओढली गेली होती. तारेच्या पलीकडच्या टोकाला तपकिरी रंगाचं, करंगळीएवढं काहीतरी अंग आखडून बसलं होतं. थोड्या वेळाने त्याने दोन शिंगं बाहेर काढली आणि जयवंतकडे वळवली.

जयवंत ओरडला नाही. विमा कंपनीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेला माणूस गच्चीवर आपण एकटेच आहोत असं वाटत असतानाही ओरडत नाही. त्याने अंगठा पॅन्टला पुसला, मग पॅन्टकडे पाहिलं, आणि पोटातून वर आलेला आवाज घशातच दाबायचा प्रयत्न केला. तो दबला नाही.

"काय रे, दिवस गेले काय?" पंपाच्या खोलीच्या दारातून गुणाजी म्हणाला. गुणाजी म्हणजे पूर्वीचा गिरणीतला फिटर, आता सोसायटीचा बिनपगारी पंपवाला आणि गच्चीवर जे काही घडेल त्याचा कायमचा साक्षीदार. तो जवळ येऊन वाकला. "हात्तिच्या. गोगलगाय ही."

"गोगलगायीला शंख असतो."

"हिला नाय. ही ट्रान्झिट कॅम्पातली. हिचं घर अजून बिल्डरकडे आहे."

लालबागच्या रवळनाथकृपा सोसायटीत हा विनोद कुणाला समजावून सांगावा लागत नसे. जुनी चाळ पाडल्यावर सगळ्यांनीच ट्रान्झिट कॅम्पात केस पिकवले होते. नवी इमारत झाली तेव्हा प्रत्येकाला एक हॉल, एक बेडरूम, शेजाऱ्यांचं भांडण ऐकू येणार नाही असं दार, आणि सगळ्यांत मिळून ही गच्ची मिळाली होती. भांडण ऐकू येत नाही याची चुटपुट बायकांना पुष्कळ दिवस होती.

गच्चीच्या एका अंगाला जयवंतची बाग होती. अर्धे कापलेले निळे ड्रम, मच्छीवाल्यांकडून आणलेले थर्माकोलचे खोके, आणि त्यांत देवगडहून पोत्यांत भरून आणलेली तांबडी माती. अळू, लाल माठ, भेंडी, पडवळ, शिराळी, भोपळ्याचा वेल. हे सगळं हौसेचं नव्हतं. हौस असती तर त्याने गुलाब लावले असते आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकले असते. ही बाग एका शब्दापायी झाली होती, आणि तो शब्द त्याने शेवंती वहिनींना दिला होता.

शेवंती वहिनी म्हणजे जयवंतचे थोरले भाऊ गंगाधर यांच्या पत्नी. गंगाधर जाऊन बरीच वर्षं झाली. वहिनी जयवंतच्या समोरच्याच दारात राहत. जयवंत गावाहून शिकायला आला तेव्हा जुन्या चाळीतल्या त्यांच्या एका खोलीत पाटाखाली पुस्तकं आणि पाटावर जयवंत अशी सोय वहिनींनीच केली होती. पहिला चहा त्याला, दिव्याजवळची जागा त्याला, माशाची मधली तुकडी गंगाधरच्या पुढ्यात वाढता वाढता अर्धी त्याला. हे वहिनींनी कधी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर जयवंतला केव्हाच फेडता आलं असतं.

वहिनी ऋषिपंचमी करत. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. नांगराशिवाय, हाताने पिकवलेल्या भाज्यांची एकच मिसळून भाजी करायची, तेल नाही, मसाला नाही. गावाला परसात हे सोपं होतं. लालबागमध्ये सगळी भिस्त भाजीवाल्यावर. गेल्या वर्षी जयवंत त्यांना घेऊन बाजारात गेला होता. वहिनींनी वाटा हातात घेऊन विचारलं, "बैल लावलेलो नाय ना, भाऊ?"

भाजीवाला भला माणूस होता. त्याने खोटं सांगितलं नाही. "मावशी, बैल आता कुठे राहिलाय? ट्रॅक्टर लावतात."

ट्रॅक्टर चालतो की नाही यावर त्यानंतर वर्षभर मोंडकरांच्या दोन्ही घरांत चर्चा झाली. भटजी म्हणाले चालतो. वहिनींना पटलं नाही. बैलाला निदान दुपारी सोडतात, ट्रॅक्टरला कोण सोडतो, असं त्यांचं म्हणणं. ती भाजी त्यांनी खाल्ली खरी, पण ते वर्ष त्यांच्या मनात खाडाच राहिलं. यंदा त्या व्रत उजवणार होत्या. गुडघ्यांनी नाही म्हटलं होतं. शेवटची पंचमी, आणि ती तरी चोख व्हावी.

तेव्हा जयवंत चार माणसांत म्हणाला होता, "वहिनी, यंदा बाजारातली एक काडीही नको. ना बैल, ना ट्रॅक्टर. फक्त माझे हात."

त्या हातांच्या अंगठ्यावर आता शेंबूड होता.

गोगलगाय एक नव्हती. पाऊस रिमझिमत राहिला आणि संध्याकाळ झाली की त्या निघत. ड्रमच्या काठावरून, खोक्यांच्या खालून, पाइपाच्या कोपऱ्यातून. सकाळी पानांवर भोकं आणि भोकांभोवती चमकणारे माग, जणू कुणी लहान मूल नाक ओढत सगळ्या बागेतून फिरून गेलंय. जयवंत कोकणातला माणूस. ओले बोंबील तो स्वतः साफ करत असे आणि त्यांच्या बुळबुळीतपणाबद्दल त्याने आयुष्यात कधी चकार शब्द काढला नव्हता. पण बोंबील तव्यावर जातो. ही बया नुसतीच जाते. कुठे जाते कळत नाही, आणि जाताना आपलं अंग थोडं थोडं मागे सोडत जाते.

"मीठ टाका वर," त्याची बायको लक्ष्मी म्हणाली. "व्हिडिओत दाखवतात. विरघळतात म्हणे."

"विरघळतात म्हणजे?"

"म्हणजे फेस येतो आणि पाणी होतं."

जयवंतने हातातला चहा खाली ठेवला. पण चिमूटभर मीठ घेऊन वर जायची वेळच आली नाही, कारण समोरच्या उघड्या दारातून वहिनींनी ऐकलं होतं. "श्रावणात जीव मारूचो नाय," त्या तिथूनच म्हणाल्या. "आणि ऋषीच्या भाजीसाठी तर मुळीच नाय. पाप घालवूक व्रत करूचा आणि त्याच्यासाठी पाप करूचा?"

श्रावणात मोंडकरांच्या घरात मासळीचा जीव वाचत असे. त्यात आता गोगलगायींची भर पडली.

मग वेचणं आलं. पहिल्या दिवशी जयवंत लक्ष्मीचा पापड भाजायचा चिमटा घेऊन गेला. तो परत आला तेव्हा लक्ष्मीने चिमट्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि चिमटा वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकला. "तुम्हालाही टाकला असता," ती म्हणाली, "पण ओला की सुका ते कळत नाही."

दुसऱ्या दिवसापासून चायनीजवाल्याच्या दोन काड्या. हे कौशल्य असतं. घट्ट धरलं तर गोगलगाय मधोमध दबते आणि दोन्हीकडून फुगते. सैल धरलं तर घसरते आणि पायावर पडते. जयवंत रबरी चपला आणि त्यावर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून वेची. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात त्या एकमेकींवर चढत, एकमेकींना चिकटून एकच गोळा होत, आणि झाकण लावताना एखादीचं शिंग काठाशी डोकावत राही. त्याने मान दुसरीकडे वळवून झाकण लावायची सवय केली. जेवताना भेंडी तोडली की तार येई, आणि तो ताट बाजूला सारी. लक्ष्मीने भेंडी करणं सोडलं. मग दह्याचंही तेच झालं.

वेचलेल्या सोडायच्या कुठे, हा खरा प्रश्न. गच्चीवरून खाली टाकाव्यात तर श्रावण आडवा, आणि खाली बाराव्या मजल्यावर सेक्रेटरी हितेंद्र यांच्या बायकोचं वाळत घातलेल्या कपड्यांचं स्टँड. रस्त्यापर्यंत डबा न्यावा तर लिफ्टमध्ये लोक विचारणार, "काय मोंडकर, आइस्क्रीम?" शेवटी जयवंतला एक जागा सापडली आणि आपल्या हुशारीचं त्यालाच कौतुक वाटलं. गच्चीच्या कोपऱ्यात खताचा ड्रम होता. मजल्यावरच्या घरांतलं ओलं, म्हणजे सालं, देठं, उरलंसुरलं, सगळं त्यात पडे, वर गोणपाट. आत थंड, ओलसर, काळोख. जयवंत रोज सकाळी गोणपाट उचले, नाक बंद करी, डबा उपडा करी, डब्याच्या बुडाशी थाप मारी. शेवटची एखादी चिकटून राही. तिला काडीने.

"माहेरी पोचवून आलास?" गुणाजी विचारी.

"जीव वाचला, भाजी वाचली," जयवंत म्हणे. "आणि खत होतंय ते वेगळंच."

गुणाजीने यावर काही म्हटलं नाही. गुणाजी गप्प बसतो तेव्हा माणसाने सावध व्हायला हवं. पण जयवंतचं सगळं लक्ष स्वतःच्या अकलेवर होतं.

श्रावणातले सोमवार संपले तसं त्याने ड्रमच्या खालचं झाकण काढून खत बाहेर ओढलं. काळंभोर, मऊ, पावसाळी जंगलासारख्या वासाचं. त्यात जागोजागी पांढरट, पारदर्शक मण्यांचे घोस होते. जयवंतने एक मणी दोन बोटांत धरून पाहिला आणि त्याच्या ओठांवर हसू आलं. भिजवलेला साबुदाणा! एवढे सोमवार झाले, संकष्टी झाली. मजल्यावरच्या सगळ्या उपासवाल्यांची उरलेली खिचडी ड्रमातच तर आली होती. साबुदाणा कुजायला वेळ लागतो, त्याने स्वतःलाच समजावलं, फुकट थोडाच जाणार. त्याने ते घोस दोन्ही हातांनी अलगद मोकळे केले आणि खताबरोबर सारखे वाटून दिले. अळूला थोडे जास्त, कारण अळूला ताकद लागते.

त्यानंतर काही दिवस बाग अशी तरारली की तो वहिनींना फोनवर फोटो दाखवून आला. वहिनींनी फोन डोळ्यांपासून लांब धरून म्हटलं, "पान बघ केवढा मेल्याचा." हे त्यांचं सगळ्यात मोठं कौतुक.

मग तीन-चार दिवस जयवंत वर फिरकलाच नाही. लक्ष्मीने त्याला मखर आणि माळे साफ करायला जुंपलं होतं, आणि पाऊस असा लागून राहिला होता की पाणी घालायचीही गरज नव्हती. गणपतीच्या दोन दिवस आधी तो सकाळी गच्चीवर गेला आणि दारातच थांबला.

अळू नव्हतं. म्हणजे देठ होते, उभे, आणि देठांच्या टोकाला पानांच्या शिरांची जाळी, म्हाताऱ्या हाताच्या पाठीसारखी. लाल माठाचे नुसते लाल दांडे. भोपळ्याच्या वेलावर फुलांच्या जागी काहीतरी ओलं चिकटलेलं. आणि सगळीकडे, प्रत्येक ड्रमच्या आतल्या अंगाला, मातीवर, देठांवर, पडवळाच्या बगलेत, त्या होत्या. मोठ्या होत्याच. पण त्यांच्याबरोबर बारीक, तांदळाच्या दाण्याएवढ्या, पांढुरक्या, ज्यांच्या अंगातून आतलं खाल्लेलं हिरवं दिसत होतं. सगळी माती मंद मंद हलत होती.

"गुणाजी," जयवंत म्हणाला.

गुणाजीने एक काडी घेतली आणि अळूच्या बुडाशी माती उकरली. एक घोस वर आला, अजून न फुटलेला. "हे काय घातलंस तू?"

"साबुदाणा आहे तो. खतातला."

"साबुदाणा?" गुणाजीने एक मणी काडीच्या टोकावर घेऊन उजेडात धरला. "बघ नीट. तुझा साबुदाणा वळवळतोय."

मण्याच्या आत, पातळ पडद्यामागे, एक फिकट ठिपका सावकाश कूस बदलत होता. जयवंतला आपली दोन्ही बोटं आठवली, तो घोस मोकळा करणारी, हळुवार. तो गच्चीच्या कठड्यापाशी गेला आणि ह्यावेळी घशात काहीच दाबलं नाही.

"म्हणजे तू त्यांना वेचून घरात नेलंस," गुणाजी मागून शांतपणे म्हणत होता, "खायला घातलंस, त्यांची बाळंतपणं केलीस, आणि मग पोरांसकट पुन्हा पानावर आणून बसवलंस. सख्खा मामा करणार नाय एवढं."

"वहिनींना सांगू नकोस."

"मी कशाला सांगू? त्यांना पंचमीला पान वाढलं की दिसेलच."

जयवंत कुणाशी न बोलता दादरला गेला. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. फुलं, मखरं, केळीचे खांब, आणि ऋषीच्या भाजीचे वाटे. त्याने बैलाबद्दल काही विचारलं नाही. ट्रॅक्टरबद्दलही नाही. अळू, माठ, पडवळ, शिराळी, भेंडी, जे मिळेल ते पिशवीत टाकलं, पाठच्या जिन्याने गच्चीवर नेलं आणि पंपाच्या खोलीत ओलं कापड घालून लपवलं.

गुणाजीने कापड उचलून पाहिलं. "कुणी बघितलं तर काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"म्हणतील, मोंडकरची बाग ब्यूटी पार्लरला जाऊन आली. एक भोक नाय रे. वहिनींनी सगळा श्रावण तुझा डबा बघितलाय. त्यांना हे तुझ्या गच्चीतलं वाटेल?"

ते खरं होतं. पानं अशी स्वच्छ, अशी तुकतुकीत होती की त्यांच्याकडे बघूनच खोटं कळत होतं. जयवंतने विचार केला. तो विचार त्याला जसा सुचला तसं त्याच्या तोंडात आंबट पाणी आलं. पण दुसरा सुचेना.

गणपतीच्या दिवशी घरी आरत्या झाल्या, मोदक झाले, पाहुणे आले-गेले. दिवेलागणीच्या आधी तो वर गेला. काड्या सापडल्या नाहीत. बहुतेक लक्ष्मीनेच फेकल्या असाव्यात. मग त्याने हाताने उचललं. ज्यांना सगळा श्रावण काड्यांनी, पिशव्यांनी, मान वळवून टाळलं, त्यांना आता चिमटीत धरून एकेक बाजारातल्या पानावर ठेवलं. आधी पेनच्या टोकाने भोकं पाडली. मग भोकाशी गोगलगाय. ती सरकली की चकचकीत माग उमटे, अगदी खरा. एक त्याच्या तळहातालाच धरून बसली. उचलताना कातडी ओढली गेल्यासारखं वाटलं. दुसरी त्याच्या मनगटाकडे निघाली. तो पुटपुटत होता, आणि काय पुटपुटत होता ते गणपतीच्या दिवशी बोलायचं नसतं.

टोपली घेऊन तो वहिनींच्या दारात उभा राहिला. वहिनी जमिनीवर पाय लांब करून बसल्या होत्या, पुढ्यात विळी, शेजारी उद्याचा आघाडा. त्यांनी टोपली ओढून घेतली, वरचं पान उचललं आणि "शी! मेलो रांडेचो!" म्हणून हात झटकला. गोगलगाय फरशीवर पडली. वहिनींनी तोंड वाकडं केलं, पदर नाकाला लावला. मग पदरामागून त्यांचे डोळे हसले.

"किड्यांनी भरलेली आसा रे! मेल्या, ही खरीच तुझ्या हातची भाजी."

त्यांनी लगेच कुडाळला बहिणीला फोन लावला. "अगो, माझ्या दिरान हातान पिकवल्यान सगळा. किडो पण हा, बघ. बाजारातल्या भाजीत किडो खंय गावता? औषध मारतत ते." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाय गो, बैल खंय? गच्चीर बैल कसो चढतलो? ह्यो एकटोच."

जयवंत उभाच होता. हात धुऊन आला होता, तरी बोटांत बोटं चिकटत होती. फरशीवरची गोगलगाय सावकाश त्याच्या पायाच्या दिशेने निघाली होती.

फोन ठेवून वहिनी पानं निवडू लागल्या. प्रत्येक पानाशी शिसारीने मान मागे घेत, आणि प्रत्येक गोगलगायीला पुठ्ठ्याच्या तुकड्यावर घेऊन, न मारता, बाजूच्या तपेल्यात टाकत. त्या बोलत होत्या, त्याच्याशी आणि स्वतःशी. "ह्या व्रत कित्याक करतत, ठावक आसा? नकळत झालेल्या चुकांसाठी. हात लागलो, पाय लागलो, शिवलां, सांडलां, बाईमाणसान काय काय ध्यानात ठेवूचा? ता सगळा ऋषींच्या पायाकडे घालूचा. नकळत झालेला माफ. जाणूनबुजून केलेल्याची सोय मात्र ह्याच्यात नाय. त्येका दुसरा कायतरी बघूचा लागता."

त्यांनी अळूचा देठ सोलायला घेतला.

"वहिनी," जयवंत म्हणाला. "ती भाजी नका चिरू."

"कित्याक?"

"ती आपली नाही."

वहिनींचा हात विळीवर थांबला. "खंयची?"

"दादरची."

बाहेर रस्त्यावर ढोल वाजत होते. मंडळाचा कुठलासा गणपती उशिरा येत होता. वहिनींनी देठ खाली ठेवला. टोपलीकडे पाहिलं, मग तपेल्याकडे, जिथे त्या एकमेकींवर चढत होत्या.

"आणि हे?"

"ते गच्चीवरचेच."

"म्हणजे तेवढेच खरे."

जयवंतने मान हलवली. मग भोकांचं सांगितलं, पेनचं सांगितलं, साबुदाण्याचंही सांगितलं. वहिनी विळी आडवी करून ऐकत होत्या. साबुदाण्याला त्यांचा हात तोंडाकडे गेला. श्रावणात खिचडी त्यांनीही खाल्ली होती. सगळं सांगून झालं तेव्हा त्यांनी टोपली पायाने दाराकडे सारली.

"लक्ष्मीक दी. तिका काय, सगळा चलता. तपेला वर ठेवून ये. आणि उद्या सकाळी माका वर घेऊन चल."

"वर काही नाही, वहिनी. सगळं खाल्लंय."

"सगळा कोण खाणा नाय."

सकाळी आघाड्याच्या काडीने दात घासून, न्हाऊन, ओल्या केसांची गाठ मारून वहिनी लिफ्टने वर आल्या. लिफ्टच्या पुढे एक जिना होता. तो त्यांनी एका हाताने कठडा आणि एका हाताने जयवंतचा खांदा धरून चढला. प्रत्येक पायरीला त्यांचा गुडघा खट वाजे आणि जयवंत दातावर दात दाबी. गच्चीवर गुणाजी उठून उभा राहिला आणि पंपाच्या खोलीत गेला.

वहिनींनी सगळी बाग पाहिली. त्यांचं तोंड कडू झालं. "थू! काय ही घाण," त्या म्हणाल्या, आणि वाकल्या.

अळूचे देठ खाल्लेले नव्हते, ते कापले. माठाचे दांडे काढले. भोपळ्याच्या वेलाचे शेंडे, ज्यांवर अजून लव होती. पडवळ एकच, कोपराएवढं, एका बाजूने कोरलेलं. कोरलेली बाजू कापून टाकली. पानांत लपलेल्या भेंड्या. प्रत्येक गोष्ट उचलताना तिच्यावर काहीतरी असे, आणि वहिनी प्रत्येक वेळी "शी", "ई", "मरांदे" म्हणत बोटाने खरवडून ती गोगलगाय जयवंतच्या हातावर ठेवत. हातावरच, कारण डबा आणायचं त्याला सुचलं नव्हतं. तो तळवा पुढे धरून उभा होता. तळव्यावर त्या साचत होत्या, ओल्या, गार, आपापसात घुसळणाऱ्या, आणि हात मिटायचा नाही एवढंच तो स्वतःला सांगत होता.

"वहिनी, हे देवाला चालेल का?" त्याने विचारलं. बोलल्याने मळमळ जरा मागे हटत होती. "उष्टं ना हे?"

"किड्याचा उष्टा होणा नाय."

"आणि कष्टाचं?"

वहिनी कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या. "बैलान कष्ट केल्यान तर चलना नाय. ह्या मेल्यांनी खंय कष्ट केल्यानी? बसान खाल्ल्यानी नुसती. बापय माणसांसारखी."

पंपाच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला.

भाजी झाली ती एका लहान पातेल्यात. भटजी आले, सुपाऱ्यांचे ऋषी मांडले, पूजा झाली, व्रत उजवलं. नैवेद्याला दोन चमचे गेले. बोलावलेल्या बायकांच्या पानावर कणभर कणभर, आणि बाकी लक्ष्मीने केलेल्या वरीच्या भातावर सगळ्या निभावल्या. त्या आपापल्या दारांत गेल्यावर वहिनींनी दोन पानं घेतली. एक स्वतःचं. दुसरं जयवंतच्या पुढ्यात.

"मी नको, वहिनी. तुम्हालाच पुरणार नाही."

"बस."

तो बसला. भाजी हिरवट तपकिरी होती. देठ शिजून लिबलिबीत झाले होते, भेंडीची तार सुटली होती, पडवळाचे तुकडे अर्धपारदर्शक. पळीने वाढताना ती पानावर पडली नाही, सरकली. पडल्यावरही जराशी पसरत राहिली. जयवंतने घास उचलला. तो बोटांवरून ओघळू लागला, म्हणून त्याने घाईने तोंडात घातला. जीभ, टाळू, दात, सगळ्यांनी एकदम ओळखीचा स्पर्श ओळखला, आणि त्याने घास गालात सारला.

समोर वहिनी खात होत्या, सावकाश, मान खाली घालून. अचानक त्यांचं चावणं थांबलं. त्यांनी दोन बोटं तोंडात घातली, काहीतरी बाहेर काढलं, डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. शिजलेलं, लांबट, तपकिरी. देठाची साल असेल. देठाची सालच असेल. त्यांनी ते पानाच्या काठावर ठेवलं आणि पुढचा घास घेतला.

जयवंत ते बघत होता. त्याचा घास तसाच गालात होता, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि एक हात मोरीच्या दिशेने उठायच्या बेतात होता.

वहिनींनी मान वर केली.

"गिळ," त्या म्हणाल्या.

त्याने गिळलं. वहिनींनी पातेल्यातलं उरलेलं सगळं खरवडून त्याच्या पानात वाढलं.